चिप-संगीतांतील शिळे स्वर

कलेंत नवें कोणतें व शिळें कोणतें, हा वाद फार जुना आहे. हल्लीं तो ज्या एका संगीताविषयीं चालला आहे, त्याचें नांव मात्र आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानीं आलें नसेल. नांव आलें नसलें तरी आवाज आलेला आहे. १९९० नंतरच्या दहा वर्षांत ज्यांच्या घरीं मुलें लहान होतीं, त्यांस टीव्हीला जोडावयाचा तो व्हिडिओ गेम, त्याची ती पिवळी कॅसेट, आणि तिच्यांतून उन्हाळ्याच्या सुट्टींत दुपारभर चाललेलें तें टुणटुणें गाणें खचित आठवेल. यवतमाळच्या मे महिन्यांत दुपारीं मुलांस बाहेर सोडण्याची सोय नसते. त्यामुळें येथील वडीलमंडळींच्या वांट्यास तें गाणें थोडें अधिकच आलें.

हें यंत्र मूळचें जपानांतील निन्तेन्डो कंपनीचें. १९८३ सालीं तें तिकडे निघालें आणि पुढें त्याच्या स्वस्त नकला आमच्या बाजारांत आल्या. त्या गाण्याची गंमत अशी कीं, तें कोठें ध्वनिमुद्रित केलेलें नव्हतें. कॅसेटींत अमुक स्वर अमुक काळ वाजवावा एवढ्या सूचना असत, आणि स्वर त्या त्या क्षणीं यंत्रांतील एक बारीक चिप उत्पन्न करी. पुढें तीं यंत्रें मागें पडलीं, मुलें मोठीं झालीं. आणि त्यांपैकींच कांहीं मोठीं झालेलीं मुलें आतां देशोदेशीं हीं टाकाऊ यंत्रें शोधून आणून त्यांवर मुद्दाम नवीं गाणीं रचीत असतात. यासच चिप-संगीत म्हणतात.

या संगीतावरील मुख्य आक्षेप असा कीं, तें सर्व एकसारखेंच ऐकूं येतें. तीच चौकोनी लहर, तोच स्वरांचा किलबिलाट, खरखरीचा तोच ताशा. हा आक्षेप बाहेरच्या लोकांचा असता तर त्याकडे काणाडोळा करतां आला असता; परंतु तो या संगीताच्या अभिमान्यांचाच आहे, आणि म्हणूनच विचार करण्यासारखा आहे. आमच्या मतें तो अर्धा खरा आहे. कोणता अर्धा, हें पाहावयाचें. कारण प्रश्न केवळ खेळण्यांतल्या गाण्यांचा नाहीं. दुसऱ्यानें घडविलेलें, दुसऱ्यानें वापरून टाकलेलें साधन ज्याच्या हातीं येतें, त्याला त्यावर स्वतःचें असें कांहीं निर्माण करतां येतें कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे; आणि जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या आम्हां लोकांच्या हातीं बहुतेक साधनें याच वाटेनें येतात.

प्रथम या यंत्रांची ऐपत पाहूं. निन्तेन्डोच्या त्या यंत्रांत आवाजाच्या एकंदर पांच वाटा होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखरीची, आणि पांचवी ध्वनिमुद्रणाचे लहानसे तुकडे वाजविण्याची. त्रिकोणी लहरीचा आवाज कमीजास्त करण्याची सोयच नव्हती. ती वाजे, नाहींतर गप्प बसे. १९८२ सालीं अमेरिकेंत निघालेल्या कमोडोर ६४ या संगणकांत बॉब यानेस नांवाच्या इंजिनियरानें घडविलेली सिड नांवाची चिप होती. तिला कंठ तीनच, पण प्रत्येक कंठास चार जातींच्या लहरी घेतां येत. १९८९ सालच्या गेमबॉय या खिशांतल्या खेळास चार कंठ होते. सर्वांत दरिद्री म्हणजे इंग्लंडांतील झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक. त्याच्या मूळ यंत्रांतील स्पीकरास पडदा पुढें ढकलणें आणि मागें ओढणें यापलीकडे कांहींच येत नसे. तरीहि टिम फॉलिन या तरुण संगीतकारानें १९८७ सालीं 'क्रोनॉस' या खेळासाठीं त्याच स्पीकरांतून एकाच वेळीं अनेक स्वर वाजत असल्याचा भास उत्पन्न केला. ज्यांस हें ऐकावयास मिळेल त्यांनीं अवश्य ऐकावें. पहिल्या क्षणीं कानास तें चिरकें वाटेल, पण थोड्या वेळानें आश्चर्य वाटूं लागेल.

आतां त्या किलबिलाटाची जन्मकथा. पाश्चात्य संगीताला तीन-चार स्वरांचा एकत्र मेळ पदोपदीं लागतो. यंत्राला कंठ तीन. एक कंठ गाण्यास दिला, एक खालच्या स्वरास दिला, म्हणजे उरलेल्या एका कंठानें तीन स्वरांचा मेळ कसा धरावा? त्यावर तोड अशी निघाली कीं, त्या एका कंठानें ते तीन स्वर आळीपाळीनें, सेकंदास पन्नास वेळां बदलीत, इतक्या त्वरेनें म्हणावे कीं कानास ते एकत्रच वाटावे. एकेक स्वर सुटा घेण्याच्या या रीतीस आर्पेजिओ म्हणतात. इंग्लंडांतील रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे प्रभृति रचनाकारांनीं कमोडोरवर ही युक्ति इतक्या खुबीनें वापरली कीं, पुढें तीच या संगीताची ओळख होऊन बसली.

ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, ती युक्ति गरजेपोटीं जन्मली. आज जो तरुण आपल्या संगणकावर हें संगीत रचतो, त्याच्यापुढें ती गरज नाहीं. त्याच्या यंत्रांत शेंकडों कंठ एकाच वेळीं गाऊं शकतात. तरी तो तोच किलबिलाट घालतो. कां, तर त्यावांचून गाणें 'चिपचें' वाटत नाहीं! अडचणींतून काढलेली वाट येथें अलंकार झाली, आणि अलंकार झाला कीं तो कोणाच्याहि अंगावर चढवितां येतो. आक्षेपाचा खरा अर्धा तो हा.

यावर कोणी म्हणतील कीं, खऱ्या जुन्या यंत्रावरच रचावें म्हणजे झालें. अडचण खरी असली कीं प्रतिभा आपोआप जागी होते. हें मत हल्लीं फार प्रचलित आहे, आणि तें आम्हांस मुळींच पटत नाहीं. अडचण जर कवि निर्माण करती, तर आमच्या मोरोपंतांएवढा कवि झाला नसता. पंतांनीं शंभरावर रामायणें लिहिलीं आणि त्यांतील कित्येकांत स्वतःच्या लेखणीस नाना प्रकारच्या बेड्या घालून घेतल्या. निरोष्ठ रामायणांत तर प, फ, ब, भ, म हीं ओष्ठ्य व्यंजनें कटाक्षानें टाळलीं. हा पराक्रम लहान नव्हे. परंतु तें रामायण ज्यांनीं पराक्रमाखातर चाळलें ते पुष्कळ, आणि रामाखातर वाचलें ते थोडे, असेंच आम्हांस आढळलें आहे. पंतांचें कवित्व जेथें जिवंत आहे तेथें तें बेडीमुळें जिवंत नाहीं. 'केकावली'त देवाशीं भांडण्याची त्यांस खरोखरीच निकड होती, म्हणून तें जिवंत आहे.

असो. चिपचे स्वर घरोघर कसे मुरले आहेत याचें आणखी एक उदाहरण पाहूं. तैवानांतील यूएमसी कंपनीची यूएम ६६ नांवाची एक आयसी असे. तीन पायांची, ट्रान्झिस्टरएवढी. तिच्या पोटांत चौसष्ट स्वरांपुरती जागा. दारावरची बेल, गाणारें शुभेच्छापत्र, मोटारीचा रिव्हर्स हॉर्न अशा नाना ठिकाणीं ती बसविली जाई. तिच्या एका प्रकारांत बेथोव्हेननें १८१० सालीं पियानोसाठीं लिहिलेली 'फ्युर एलिझे' ही चीज भरलेली होती. व्हिएन्नांत पियानोवर जन्मलेला तो नाजुक झुलता आरंभ मोटार मागें येत आहे, बाजूस व्हा, असें सांगण्यासाठीं आमच्या गल्लीबोळांतून वर्षानुवर्षें वाजला. अतिवापराचें याहून मोठें उदाहरण सांपडणें कठीण. तथापि आम्ही त्यास शिळें म्हणणार नाहीं. त्याच्याकडे कोणी गाणें म्हणून कान देतच नाहीं. तो इशारा आहे, आणि आगगाडीची शिट्टी शिळी झाली अशी तक्रार कोणी केल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

शिळेपणा पाहावयाचा तर जेथें गाण्याचा आव आहे तेथें पाहावा. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भांत प्रसिद्ध आहे. नऊ रात्री गांवांतून हिंडतांना जेथें जेथें कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर गाणीं चाललेलीं असतात तेथें पाऊल थांबवावें. रोलंड या जपानी कंपनीनें ऑक्टोपॅड १९८५ सालीं काढला, आणि आमच्याकडील वादकांच्या हातांत तो आतां इतका बसला आहे कीं त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु कारखान्यांतून भरून आलेला तोच टाळीचा आवाज, तोच घुमता ढोल, कीबोर्डांतील तीच तयार बांसरी! देवीची आरती असो कीं सिनेमांतलें गीत असो, आवाज बदलत नाहीं. कारण तो निवडावा लागतो हेंच कोणाच्या मनांत येत नाहीं. निवड करतां येत असूनहि ती न करणें, यास आम्ही शिळेपणा म्हणतों.

उलटपक्षीं तंबोरा पाहा. षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम. शेंकडों वर्षें तेच. बंगळुरांतील रॅडेल कंपनीच्या जी. राज नारायण यांनीं १९७९ सालीं इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आणि पुढें आमच्याकडे ज्या घरीं मुलगी गाणें शिकते त्या घरीं ती लहानशी पेटी येऊन बसली. तार जुळविण्याची कटकट गेली. जव्हारीची गोडीहि, खरें सांगावयाचें तर, बरीचशी गेली. पण स्वर तेच तेच म्हणून कोणी कंटाळला नाहीं. कां? तंबोरा स्वतः कांहीं सांगावयास बसलेला नसतो. तो जमीन धरून ठेवतो, आणि सांगणारा दुसरा असतो. चिप-संगीतांतील चौकोनी लहर ही जर अशी जमीन असेल तर ती दहा हजार गाण्यांत आली तरी बिघडत नाहीं. जमिनीलाच गाणें समजून रचनाकार तेथेंच थांबतो, तेव्हां ऐकणारास जांभई येते.

आमच्या मराठी रसिकांस तर हा विवेक नवा वाटूं नये. जुन्या संगीत नाटकाचें पुस्तक उघडावें: पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द घालून पुढें आधींच्या एखाद्या गाण्याचा मुखडा उघड छापलेला असतो. चाल उसनी आहे हें लपविण्याचें त्या कवींस कारणच वाटलें नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हां कथा कालिदासाची होती, आणि चाली कीर्तनांतल्या, लावणींतल्या, कर्नाटकाकडच्या अशा ठिकठिकाणच्या होत्या. तरी त्या नाटकास नकल म्हणण्याचें धाडस कोणास झालें नाहीं. पुढें 'मानापमाना'स १९११ सालीं गोविंदराव टेंब्यांनीं चाली दिल्या, त्यांत पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचें वळण उघड दिसतें. हे गोविंदराव स्वतः पेटीवाले. पेटी हें फ्रान्सांत जन्मलेलें वाद्य. तिचे बारा स्वर कारखान्यांतच कायमचे ठरलेले. श्रुति नाहीं, मींड नाहीं. या दोषांवरून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दार बंद केलें, आणि तें अंशतः उघडावयास १९७१ साल उजाडावें लागलें. पेटीवरील आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. परंतु चांगला पेटीवाला मींड ओढल्याचा खोटा आव आणीत नाहीं. तो पेटीला जें येतें, म्हणजे स्वच्छ आघात, दाणेदार तान, दोन स्वरांमधील नेमका विराम, तेंच तिच्याकडून असें करवून घेतो कीं राहिलेलें ऐकणाराचा कान भरून काढतो. वाईट पेटीवाला गवयाच्या मागें मागें फरफटत जातो. दोघांचे स्वर तेच, दोघांची पेटी कदाचित् एकाच दुकानांतली.

संस्कृत साहित्यशास्त्रांत या प्रश्नाचा विचार चिप तर दूरच, पेटीचाहि जन्म होण्यापूर्वीं हजार वर्षें झालेला आहे. काश्मिरांतील आनंदवर्धनानें नवव्या शतकांत 'ध्वन्यालोका'च्या शेवटच्या उद्योतांत विचारलें आहे कीं, आधींच्या कवींनीं सर्व विषय बोलून संपविल्यावर नव्यानें काय करावें? त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: दोन काव्यांत साम्य तीन तऱ्हांनीं येतें. एक आरशांतील प्रतिबिंबासारखें. दुसरें माणसाच्या काढलेल्या चित्रासारखें. आणि तिसरें, दोन जिवंत माणसांत जसें असतें तसें. पहिल्यास स्वतःचा असा आत्मा नसतो, दुसऱ्याचा आत्मा क्षीण असतो. तीं दोन्ही टाकावींत. तिसरें टाकण्याचें कारण नाहीं, कारण दोन माणसांस नाकडोळे सारखेच असले तरी दोघांचा जीव निराळा असतो. आणि अक्षरांविषयीं तर तो स्पष्टच म्हणतो कीं, नवीन अक्षरें प्रत्यक्ष वाचस्पतीसहि घडवितां यावयाचीं नाहींत. चिप-संगीतावर वाद घालणाऱ्या तरुणांच्या कानावर ही गोष्ट कोणीतरी घालावयास पाहिजे. चौकोनी लहर हें अक्षर आहे. हबर्डची एखादी रचना स्वरास स्वर लावून पुन्हां वाजविणें हें प्रतिबिंब, तीच दुसऱ्या चिपवर उतरविणें हें चित्र. आणि या संगीताच्या नांवाखालीं जें चालतें त्यांतील फार मोठा भाग या दोहोंतच मोडतो, हें कबूल करणें भाग आहे.

तिसऱ्या जातीचें उदाहरण आमच्या मुंबईंतच घडून गेलें आहे, आणि तें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. काटेकोर अर्थानें तें चिप-संगीत नव्हे, कारण त्यांतील यंत्रें जुन्या पद्धतीच्या विद्युत्-मंडलांतून स्वर काढतात. परंतु जुनीं यंत्रें आणि झिजलेले स्वर हा वाद तेथेंहि हाच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार व कीबोर्ड वाजविणारे चरणजीत सिंग यांनीं १९८२ सालीं एचएमव्हीकरितां एक तबकडी वाजविली: दहा राग, खालीं डिस्कोचा ठेका. यंत्रें तीन, तिन्ही रोलंड कंपनीचीं: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हें ठेका धरणारें यंत्र, आणि टीबी-३०३. हें शेवटचें यंत्र बेस गिटार वाजविणारा माणूस नसेल तर त्याची उणीव भरून काढण्यासाठीं निघालें होतें. तें बेस गिटारसारखें मुळींच वाजेना. त्यांतून एक चिकट, गुळगुळीत, मध्येंच ओरडणारा असा कांहीं भलताच आवाज निघे. अर्थात् तें खपलें नाहीं, आणि १९८४ सालीं कंपनीनें त्याचें उत्पादन बंद केलें. टाकून दिलेलीं तीं यंत्रें स्वस्तांत शिकागोच्या तरुणांच्या हातीं पडलीं. १९८७ सालीं 'फ्यूचर' या मंडळीची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली, आणि त्या चिकट आवाजाचें एक नवें नृत्यसंगीतच उभें राहिलें. तेव्हांपासून तो आवाज इतक्या तबकड्यांत आला आहे कीं, अतिवापरानें झिजलेला स्वर म्हणून आज त्याचेंच नांव प्रथम घेतलें जातें.

चरणजीत सिंगांची तबकडी याच्या पांच वर्षें आधींची. ती निघाली तेव्हां तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २०१० सालीं हॉलंडांतील एका संस्थेनें ती पुन्हां प्रसिद्ध केली, आणि शिकागोच्या आधीं हें संगीत मुंबईस जन्मलें होतें, अशी एकच हांकाटी झाली. वार्धक्यांत त्यांस परदेशांतून निमंत्रणें आलीं. २०१५ सालीं ते वारले. त्यांचा हा उशिरा झालेला गौरव योग्यच होता. पण ज्या कारणासाठीं झाला तें कारण आम्हांस तोकडें वाटतें. कोण आधीं, याचें उत्तर पंचांग देतें. पांच वर्षें आधीं वाजविली एवढाच जर त्या तबकडीचा गुण असेल, तर ती संग्रहालयांत ठेवावी. ऐकण्याचें कारण नाहीं.

ऐकण्याचें कारण निराळें आहे. टीबी-३०३ एका वेळीं एकच स्वर काढतें. पाश्चात्य रचनाकारास हें तिचें व्यंग वाटावें. रागास तें व्यंगच नाहीं, कारण रागास स्वरांचा मेळ नको, एकामागून एक जाणारी स्वरांची एक ओळ हवी. त्या यंत्रांत एक स्वर दुसऱ्यांत घसरत नेण्याची सोय आहे. ती ज्यानें केली त्याच्या मनांत बेस गिटार होती, पण चरणजीत सिंगांच्या कानांत तिची किंमत वेगळी होती. खालीं हें यंत्र रागाचेच स्वर फिरवीत राहतें, वर ज्युपिटर-८ राग आळवतें. आणि त्या चिकट आवाजास प्रथमच एक काम मिळतें. शिकागोच्या तरुणांनींहि त्या आवाजास आपल्या परी काम दिलें, रात्रभर नाचणारांस हळूहळू उन्मनी करण्याचें. मागाहून आलेल्या हजारोंनीं आवाज तेवढा घेतला.

तबकडी निर्दोष आहे असें मात्र नाहीं. दहाहि रागांखालीं जवळजवळ एकच ठेका एकाच चालीनें धांवतो, त्यामुळें पहांटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच घटकेस उरकल्यासारखे वाटतात. यंत्राचे बारा स्वर पेटीसारखेच ठरलेले. तोडीच्या कोमल गांधाराची ओढ त्यांत सांपडत नाहीं, आणि ज्यानें तोडी बैठकींत ऐकली आहे त्यास येथें ती कागदावर छापल्यासारखी वाटेल. याच्या उलट भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे पांच स्वरांचे राग अधिक साधले आहेत. स्वरांमधील अंतरें तेथें मोठीं, त्यामुळें घसरत जाण्याच्या त्या सोयीस जागा मिळते. तबकडीचा प्राण आम्हांस या चार रागांत आढळला. भैरवीबद्दल लोक फार बोलतात, ती आम्हांस तितकी वाटली नाहीं.

आतां आमच्या गांवाकडे येऊं. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं एक जुना गेमबॉय मिळविला, आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनीं त्या यंत्रासाठीं केलेला, संगीत रचण्याचा, एलएसडीजे नांवाचा कार्यक्रम त्यांत घालून तो रचना करूं लागला. परदेशांतील समव्यसनी लोकांस त्यानें त्या ऐकविल्या, तेव्हां एकानें, यांतला प्रत्येक आवाज आम्हीं आधीं ऐकलेला आहे, असा शेरा दिला. त्यानें तो बिचारा इतका खचला कीं यंत्र विकून टाकण्याच्या गोष्टी करीत आमच्याकडे आला. जपानांत घडलेलें यंत्र, स्वीडनमध्यें लिहिलेला कार्यक्रम, इंग्लंडांत रुळलेल्या युक्त्या. यांत माझें म्हणून काय उरलें, हा त्याचा प्रश्न होता. आम्हीं त्याच्या सर्व रचना ऐकून घेतल्या. बहुतेकांविषयीं त्या परदेशी टीकाकाराचें मत बरोबर होतें, आणि तसें आम्हीं त्यास सांगितलेंहि.

एक रचना मात्र वेगळी निघाली. तिचा आधार जात्यावरच्या ओवीची एक चाल आहे. त्याच्या आजीच्या तोंडची, दारव्ह्याकडची. गेमबॉयच्या चार कंठांपैकीं खरखरीचा जो कंठ, तो सर्व लोक ताशासारखा तोडून तोडून वाजवितात. यानें तो तोडलाच नाहीं. पहिल्या ओळीपासून ती खरखर सलग चालते, दर फेऱ्यास किंचित् जड होते, पुन्हां हलकी होते. आणि दोनचार फेऱ्यांनंतर ऐकणाराच्या ध्यानांत येतें कीं हें जातें आहे. तिच्यावर ओवी एकाच चौकोनी लहरींत, कसलीहि सजावट न करतां येते. ओवीच्या तिसऱ्या चरणानंतर बाई दम घेते तेथें लहर थांबते, पण जातें थांबत नाहीं. खरखरीचा हा कंठ त्या यंत्रांत १९८९ पासून आहे, आणि तो न वापरणारा चिप-संगीतकार विरळा. पण त्यास पीठ दळावयास बसविलेलें आम्हीं यापूर्वीं ऐकलें नव्हतें.

दुर्दैवानें ही रचना जेथें थांबावयास हवी तेथें थांबत नाहीं. उत्तरार्धांत दुसरी लहर शिरते आणि ओवीच्या अंगावर तोच सेकंदास पन्नास वेळांचा किलबिलाट चढवते. ओवीला स्वरमेळाची गरजच नाहीं. आजीनें ती एकटीनेंच गाइली होती. मग हें कां घातलें, असें विचारतां तो म्हणाला, "सर, नाहीं घातलं तर फार रिकामं वाटतं." तें रिकामेंपण हेंच त्या गाण्याचें घर आहे, आणि तेथें पाहुणे बोलावूं नयेत, असें आमचें मत आम्हीं त्यास सांगितलें. त्याला तें पूर्णपणें पटलेलें दिसलें नाहीं. रचना त्याची आहे; निर्णयहि त्याचाच राहील.

एक व्यावहारिक सूचना मात्र येथें करून ठेवतों. गेमबॉयवरील या रचना कॅसेटींत बसविलेल्या एका लहानशा सेलाच्या जोरावर टिकून असतात. सेल संपला कीं सर्व पुसलें जातें. ती ओवी त्यानें आजच्या आज, किलबिलाटासह कां होईना, ध्वनिमुद्रित करून ठेवावी.